पाण्यातून वर आलेल्याच्या हातात एक कागद द्या

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

प्रत माहितीसाठी: सार्वजनिक आरोग्य विभाग

विषय: स्कूबा डायव्हिंगनंतर छातीला झालेली इजा आणि तिची नोंद

मंत्रिमहोदय,

माझ्या पुतण्याच्या फायलीत छातीचे एक्स-रे आहेत, सीटी स्कॅनचा अहवाल आहे, नळीत जोरात फुंकायला लावून श्वासाची ताकद मोजतात त्या स्पायरोमेट्रीचा आलेख आहे. तो पाण्यात किती खोल गेला होता, किती वेळ खाली होता आणि वर कसा आला, हे मात्र त्या फायलीत कुठेच नाही. ते कुणी लिहूनच ठेवलं नाही. म्हणून दाबाच्या हवेने फुप्फुसाला इजा झाल्याचा संशय, एवढ्यावर त्याचं निदान येऊन थांबलं आहे. पोरगा आता हिंडता-फिरता आहे. कुणा एका स्कूबा केंद्राविरुद्ध माझी तक्रार नाही, त्यामुळे कुणाचं नावही घेत नाही. पत्र आपल्या खात्याला लिहितोय, कारण तो न लिहिलेला कागद केंद्रांकडून लिहून घेणं आपल्याच खात्याच्या हातात आहे.

आम्ही दातिवऱ्याचे. वैतरणा समुद्राला मिळते तिच्या उत्तर काठावर आमचं गाव, आणि मुखापलीकडे अर्नाळा. डोलीची मासेमारी, वलांडीवर वाळत घातलेले बोंबील, अंगणात वाळता जवळा. बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं की सुरी घेऊन खाली उतरणारा एक जण प्रत्येक बोटीवर लागतोच. आमच्या बोटीवर तो माझा पुतण्या. दम धरून बुडी मारायची, दोन-चार पीळ कापायचे, वर यायचं, पुन्हा बुडी. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही, थोरल्यांचं बघून पोरं आपोआप शिकतात.

शिमगा उरकल्यावर मित्रांबरोबर तो राज्याच्याच दक्षिण किनाऱ्यावर फिरायला गेला आणि तिथे त्याने स्कूबा केलं. दर्याचा पोर म्हणून बोटीवरच्यांनीही त्याची फार काळजी केली नसावी. खाली असताना डोळ्यांवरच्या काचेत पाणी शिरलं, तो दचकला आणि मार्गदर्शकाचा हात सोडवून सरळ वर आला. कसा वर आला असेल, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल: तोंड घट्ट मिटून, दम धरून.

इजेची सगळी मेख इथेच आहे, आणि ती शहरातल्या पर्यटकापेक्षा आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांनी जास्त समजून घ्यायला हवी, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमची बुडी असते ती वरच्या हवेवरची. छातीत जेवढी हवा भरून माणूस खाली जातो, तेवढीच ती असते. खाली पाण्याच्या दाबाने ती आकसते, वर येताना पुन्हा पहिल्याइतकी होते. पहिल्यापेक्षा जास्त ती होऊच शकत नाही, त्यामुळे दम धरून वर येण्यात फुप्फुस फाटण्याचं भय नाही. सिलिंडरची हवा मात्र माणूस खाली, दाबाखाली घेतो. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे छातीत पाच लिटर हवा भरून घेतली आणि तोंड मिटून वर आलं, तर पृष्ठभागावर तिला दहा लिटर जागा लागते. ती जागा छातीत नसते. मग फुप्फुसातल्या बारीक वायुकोशांच्या भिंती फाटतात आणि हवा नको तिथे शिरते. शाळेत बॉइलचा नियम म्हणून पाठ केलेला तो हाच, १६६२ सालचा.

आणि यासाठी फार खोल जावं लागत नाही, हे बहुतेकांना खरं वाटत नाही. प्रमाणाच्या हिशेबाने दाबातला सर्वांत मोठा फरक वरच्याच काही मीटरांत पडतो. छाती पूर्ण भरलेली असेल, तर मीटर-सव्वामीटर पाण्यातून दम धरून वर येतानाही फुप्फुसाला इजा होऊ शकते. १९३२ साली अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय नियतकालिकात पोलाक आणि अ‍ॅडम्स या दोघांनी पाणबुडीतून सुटका करून घेण्याच्या सरावातल्या इजांवर लिहिलं, तेही याच दुखण्याबद्दल. म्हणजे वैद्यकाला हे ठाऊक होऊन नव्वदहून अधिक वर्षं झाली.

स्कूबाचा पहिला नियम म्हणून शिकवतात तो हाच, की श्वास कधीही धरायचा नाही. पुतण्यालाही बोटीवर सांगितलं होतं, त्याने मानही डोलावली होती. पण घाबरलेलं शरीर आयुष्यभराची सवय ऐकतं, पाच मिनिटांपूर्वीची सूचना ऐकत नाही. ज्याला पाण्याची भीती आहे तो पर्यटक नळी तोंडातून सुटू देत नाही, भसाभसा श्वास घेत राहतो. पाण्यात मुरलेला कोळ्याचा पोर दम धरतो. पट्टीचा पोहणारा म्हणून ज्याला सूट मिळते, त्यालाच हा धोका अधिक, असं माझं मत आहे.

वर आल्यावर छातीच्या मधोमध काहीतरी अडकल्यासारखं झालं, एवढंच त्याला वाटलं. नंतर मासळीची थाळी झाली, झोप झाली, रात्रीची कोकण रेल्वे झाली. आमच्या सफाळे स्टेशनवर उतरला तेव्हा नाकात बोलल्यासारखा त्याचा आवाज येत होता. घरच्यांनी एसीचा वारा लागला म्हटलं. गावाजवळच्या डॉक्टरांनी पित्तावरची आणि अंगदुखीची गोळी दिली. त्यांना दोष देत नाही. छाती दुखते म्हणून आलेल्या जवान पोराला 'पाण्याखाली सिलिंडरची हवा घेतली होती का?' असं दातिवऱ्यात कोण विचारणार? आणि दुखण्याचा पाण्याशी संबंध आहे हे पोराच्या तरी कुठे मनात होतं?

संध्याकाळी त्याने मला बोलावलं. म्हणाला, काका, इथे हात लावून बघा, काहीतरी कुरकुरतंय. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात मी दोन बोटं दाबली. वाळलेल्या जवळ्यावर बोट दाबावं तशी कातडीखाली बारीक कुरकुर लागली. गळा किंचित सुजलेलाही होता. अशी खूण मी आयुष्यात पाहिली नव्हती, पण हे पित्त नाही एवढं कळत होतं.

पुढे मुंबईतल्या छातीरोगतज्ज्ञांनी सांगितलं, की फुप्फुसातून सुटलेली हवा हृदयाभोवतीच्या पोकळीत जाते, तिथून वर सरकत गळ्याच्या कातडीखाली येते, तीच अशी कुरकुरते. स्वरयंत्राच्या आसपास हवा साचली की आवाजही बदलतो. पण त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर कुरकुर नाहीशी झाली होती आणि सीटी स्कॅनमध्ये नक्की बोट ठेवावं असं काही राहिलं नव्हतं. हवा थोडी असेल तर शरीर ती हळूहळू शोषून घेतं. रोग्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट, पण निदानासाठी वाईट, कारण पुरावाही हवेबरोबरच विरतो.

मग डॉक्टरांच्या हाती उरले फक्त प्रश्न. किती खोल? पुतण्या म्हणाला, चार वाव असेल. एक वाव म्हणजे जवळजवळ सहा फूट हे मी सांगितलं आणि हिशेब केला, सात मीटरांच्या आसपास. पण तो अंदाज त्याचा, त्याच्या सवयीच्या पाण्यातला. किती वेळ खाली होतास? माहीत नाही. वर यायला किती वेळ लागला? माहीत नाही. बेशुद्ध झालास का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, हातपाय जड झाले का? नाही, असं वाटतंय. केंद्राला फोन केला तर त्यांना तो पोरगाच आठवेना. दिवसभरात इतके लोक येतात म्हणाले. तेही खरंच असेल.

छातीत दुखण्याची पाण्यातली कारणंही एक नाहीत. खारं पाणी श्वासनलिकेत गेलं तर खोकला येतो, कधी ताप येतो. वय किंवा रक्तदाब जास्त असलेल्यांच्या फुप्फुसात पाण्यात असतानाच द्रव साठतो. दम लागतो, फेसाळ, कधी गुलाबी थुंकी पडते. चाळिशीपुढच्या माणसाला तिथेच हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. प्रत्येकावर उपचार वेगळा. दाबाच्या इजेतही प्रकार आहेत. हवा फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणात साचली तर फुप्फुस दबतं, मोठी हवा असेल तर छातीत नळी घालावी लागते. आणि हवेचा बुडबुडा रक्तात शिरून मेंदूकडे गेला तर बहुधा वर आल्यापासून दहा मिनिटांच्या आतच माणूस कोसळतो, एक बाजू लुळी पडते, बोलणं अडखळतं. त्याला तिथल्या तिथे शुद्ध ऑक्सिजन लावून दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवून उपचार करतात त्या बंद खोलीत, न्यावं लागतं. आमच्या पोराचं नशीब बलवत्तर, तसं झालं नाही.

बरं होणं म्हणजे काय, तेही ऐका. यावर औषध असं जवळजवळ नाही. पडून राहायचं, दुखलं तर गोळी, आणि हवा जिरायची वाट बघायची. जाळं ओढायचं नाही, नांगर उचलायचा नाही, शौचाला कुंथायचं नाही, खोकला दाबून ठेवायचा नाही पण वाढूही द्यायचा नाही, फुगा फुगवायचा नाही. विमानाने जायचं नाही, कारण वरच्या कमी दाबात अडकलेली हवा पुन्हा फुगते. फुप्फुस दबलेल्याला तर, ते पूर्ण भरून आल्याचं एक्स-रेवर दिसल्यानंतरही किमान आठवडाभर विमान नको म्हणतात. दात काढायला गेलास तर नायट्रस ऑक्साइडचा वायू घेऊ नकोस, असंही डॉक्टरांनी बजावलं. तो वायू शरीरात अडकलेल्या हवेत शिरून तिला फुगवतो. ही माहिती आमच्या गावात कुणाला असण्याचं कारणच नाही.

बोटीवर वाढलेल्या पोराला हे पडून राहणं जड गेलं. शेजारी विचारत, काय झालंय? प्लास्टर नाही, टाके नाहीत, अंगावर दाखवायला काही नाही. कूस बदलताना चमक आली की तो दचकून उठून बसायचा, गळ्याला हात लावून बघायचा. स्पायरोमेट्री ठीक आली तेव्हा जरा सैलावला. दुखणं ओसरलं, आवाज पूर्ववत झाला, जिना चढताना दम लागेनासा झाला. पण त्याचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही: मी पुन्हा पंख्याखाली उतरू का?

तज्ज्ञांनी प्रामाणिक उत्तर दिलं. दम धरून फार वेगाने वर आल्यामुळेच हे झालं असेल, तर फुप्फुस मुळात निरोगी आहे, चूक वर येण्यातली. अशा वेळी काही महिने थांबून, तपासण्या ठीक आल्या तर पुढचा विचार करता येतो. पण सावकाश, नीट श्वास सोडत वर येऊनही हे झालं असेल, तर फुप्फुसातच कुठेतरी दुबळी जागा असणार. जुना क्षय भरून आल्याचा वण, हवेने फुगलेला पातळ कोश, दमा. तसं असेल तर सिलिंडर कायमचा बंद, आणि इतर बुड्यांचाही विचार करावा लागेल. या दोन शक्यतांमधला फरक कुठलंही यंत्र खात्रीने सांगू शकत नाही. तो फरक त्या दिवशीच्या नोंदीत होता. पर्यटकाच्या बाबतीत हा पुन्हा हौस करू की नको एवढाच प्रश्न. आमच्या घरात तो पोटाचा प्रश्न आहे.

मंत्रिमहोदय, आपल्या खात्याने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, नोंदणीची अट आली. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हा लाइफ जॅकेट आणि बोटीची क्षमता यांची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण ती सगळी काळजी माणूस किनाऱ्याला लागेपर्यंतची. किनाऱ्याला लागल्यावर तो आपल्या गावी जातो, दातिवऱ्याला, जव्हारला, जालन्याला, आणि दुखणं त्याच्याबरोबर प्रवास करतं. कोल्हापूर-बेळगावचे लोक तर सकाळी पाण्यात उतरून दुपारी आंबोलीचा घाट चढतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या जवळपास आहे. पाण्यातून आल्यावर एवढ्या उंचीवर लगेच जाऊ नये, विमान तर एका साध्या बुडीनंतरही किमान बारा तास टाळावं, हे जाणकार सांगतात. किती पर्यटकांना ते सांगितलं जातं?

यापुढे पाण्यात उतरणारे वाढणारच आहेत. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात पाण्याखालचं संग्रहालय म्हणून ठेवण्याचा प्रकल्प आपल्याच खात्याचा. इकडे आमच्या जिल्ह्यात ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. त्या बंदराबद्दल किनाऱ्यावर काय भावना आहेत ते आपण जाणता, त्यात इथे शिरत नाही. पण बंदर म्हटलं की पाण्याखालची कामं आलीच: तपासणी, वेल्डिंग, जहाजांचे तळ साफ करणं. त्या कामांना कुणी उतरायचं म्हटलं की दम धरण्यात पटाईत असलेली आमचीच पोरं पुढे होतील. त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं, की सिलिंडर पाठीवर आला की लहानपणापासूनची विद्या विसरायची.

माझं मागणं लहान आहे. पाण्यातून वर आलेल्या प्रत्येकाच्या हातात एक कागद द्या, मराठीत. पुढच्या बाजूला तारीख, पाण्यात उतरल्याची आणि वर आल्याची वेळ, जास्तीत जास्त खोली, सोबत कोण होतं, वर येणं नेहमीसारखं झालं की घाईने, आणि केंद्राचा फोन. खोली आणि वेळ मोजणारं घड्याळ प्रशिक्षित पाणबुड्याच्या मनगटाला असतंच, आकडे त्यावरून उतरवून घ्यायचे. मागच्या बाजूला गावच्या डॉक्टरांसाठी चार ओळी: या माणसाने पाण्याखाली दाबाची हवा घेतली आहे, छातीत दुखणं, आवाज बदलणं, गळ्याशी कुरकुर, धाप, चक्कर, हातपाय बधिर होणं यांतलं काहीही असेल तर शुद्ध ऑक्सिजन लावा, नायट्रस ऑक्साइड देऊ नका, छातीचा एक्स-रे लगेच काढा, आणि मेंदूची लक्षणं दिसली तर वेळ न दवडता १०८ बोलवा. त्या चार ओळींखाली दाबकक्षाचा पत्ता आणि चोवीस तास उचलला जाणारा क्रमांक. मुंबईत कुलाब्याला अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात नौदल वैद्यक संस्था आहे. पाण्याखालच्या दुखण्यांचं ज्ञान या राज्यात सर्वांत जास्त तिथे आहे. नौदलाशी आणि आरोग्य विभागाशी बोलून, नागरिकाला गरज पडली तर त्याने कुठे आणि कुणामार्फत जायचं, हे ठरवून जाहीर करा. मालवणपासून कुलाबा पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढ्या अंतराची सोय रोगी कोसळल्यावर ठरवता येत नाही.

कागदाने गिऱ्हाईक बिचकेल, असं व्यवसायातले काही म्हणतील. मला ते पटत नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी पुतण्याकडून एका छापील कागदावर सही घेतली होती. दमा आहे का, क्षय झाला होता का, असे प्रश्न त्यावर होते. सगळे इंग्रजीत, आणि बोट हलत असताना. त्या कागदाने कुणी बिचकलं नाही, कारण तो कुणी वाचला नाही. तो कागद केंद्राच्या संरक्षणासाठी आहे. माझ्या मते तो असावाच, फक्त मराठीत असावा आणि किनाऱ्यावर, बसून भरून घ्यावा. मी मागतोय तो दुसरा कागद, पाहुण्याच्या संरक्षणासाठी. काम चोख करणाऱ्या केंद्रांना त्याचा फायदाच आहे. उद्या कुणी त्यांच्यावर उगाच बोट ठेवलं, तर लिहिलेली खोली आणि वेळ त्यांच्याच बाजूने बोलेल.

आरोग्य विभागालाही याच पत्रातून विनंती. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना एका प्रशिक्षणात हे अर्ध्या तासात सांगून होईल. छाती दुखते म्हणून कुणी आलं की सर्पदंश-विंचूदंशाइतक्याच सहजपणे त्यांनी विचारावं: दोन-तीन दिवसांत पाण्याखाली गेला होतात का?

पावसाळ्यात स्कूबा बंद असतं. हंगाम पुन्हा उघडण्यापूर्वी, नोंदणीच्या अटींत या कागदाची अट घालणारं एक परिपत्रक आपल्या सहीने निघावं, एवढी विनंती करतो. मसुदा लागला तर मी लिहून देईन, डॉक्टरांनी तपासून द्यावा.

आपला,
दातिवऱ्याचा एक मच्छीमार,
ता. जि. पालघर